धमनीचे अस्तर उसवते तेव्हा

सन १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात प्रिटी नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची संक्षिप्त नोंद प्रसिद्ध केली. ४२ वर्षांच्या एका स्त्रीला उलट्यांच्या जोरदार उमाळ्यांनंतर छातीत वेदना सुरू झाल्या आणि पुढे अकस्मात तिचा मृत्यू ओढवला. शवविच्छेदनात असे दिसून आले की, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीची भित्ती आतल्या आत दुभंगली होती आणि रक्ताने त्या फटीत शिरकाव केला होता.

त्यानंतरची सुमारे पाऊणशे वर्षे वैद्यकशास्त्राने हा विकार दुर्मीळ अपवादांच्या सदरात टाकून ठेवला. पाठ्यपुस्तकात त्यास दोन-चार ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नसे. बाळंतपणाच्या आगेमागे कधी तरी घडणारी आणि बहुधा प्राणघातक ठरणारी घटना, एवढीच त्याची ओळख होती. या समजुतीतील ‘दुर्मीळ’, ‘बाळंतपणातच’ आणि ‘प्राणघातक’ हे तिन्ही शब्द आता दुरुस्त करावे लागले आहेत. ‘स्पॉन्टेनियस कॉरोनरी आर्टरी डिसेक्शन’ असे लांबलचक नाव असलेला हा विकार आद्याक्षरांवरून ‘स्कॅड’ म्हणून ओळखला जातो. मराठीत त्यास हृद्धमनीचे उत्स्फूर्त विदारण म्हणता येईल. आपल्या घरातील स्त्रियांच्या दृष्टीने त्याची माहिती असणे अत्यंत अगत्याचे आहे, कारण या विकारात निदान चुकले तर उपचारही चुकण्याचा संभव असतो.

नेहमीचा झटका आणि हा झटका

हृदयविकाराचा झटका म्हटला की, आपल्या मनात एक ठरावीक व्यक्ती उभी राहते. साठीच्या घरातील, पोट सुटलेला, धूम्रपान करणारा, रक्तदाब व मधुमेह सोबतीला असलेला पुरुष. हे चित्र निराधार नाही. नेहमीच्या झटक्यामागे धमनीच्या भित्तीत वर्षानुवर्षे साचत गेलेला कोलेस्टेरॉलयुक्त मेदाचा थर असतो. एके दिवशी या थराचे आवरण फुटते, तेथे रक्ताची गुठळी जमते, धमनी बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेले हृदयाचे स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतात. जलवाहिनीत गाळ साचून ती तुंबावी, तसा हा प्रकार असतो.

स्कॅडमध्ये गाळ नसतो. धमनी बहुधा स्वच्छ असते, पण तिची भित्तीच दगा देते. हृद्धमनीचा व्यास मुळात अवघा दोन ते चार मिलिमीटर. तेवढ्याशा नळीच्या भित्तीतही तीन थर असतात. सर्वांत आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायूंचा थर आणि बाहेर आधार देणारे वेष्टन. अस्तर लावलेल्या कोटाची शिलाई आतून उसवली की अस्तर कापडापासून सुटते, फुगते आणि बाहीत हात घालताना अडथळा होतो, हे आपण अनुभवलेले असते. स्कॅडमध्ये धमनीचे अस्तर असेच सुटते. ते आणि मधला थर यांच्यामध्ये रक्त साचते, हा रक्ताचा फुगवटा आतल्या पोकळीवर दाब देतो आणि प्रवाहाची वाट अरुंद होत जाते, कधी पूर्णपणे बंदही होते. पुढचा परिणाम मात्र नेहमीच्या झटक्यासारखाच, म्हणजे हृदयाच्या स्नायूंची उपासमार. म्हणूनच स्कॅडला ‘खरा झटका नव्हे’ असे समजणे सर्वस्वी चुकीचे आहे.

हे रक्त भित्तीत शिरते तरी कसे, याविषयी दोन उपपत्ती मांडल्या जातात. एक अशी की, आधी अस्तराला चीर पडते आणि धमनीतून वाहणारे रक्त त्या चिरेतून आत घुसते. दुसरी अशी की, धमनीच्या भित्तीलाही स्वतःच्या पोषणासाठी केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांपैकी एखादी फुटते, रक्त आतल्या आत साचत जाते आणि दाब वाढल्यावर कधी अस्तर फाटते, कधी फाटतही नाही. अनेक रुग्णांत अस्तराला कोठेही चीर आढळत नाही, ही गोष्ट दुसऱ्या उपपत्तीच्या बाजूने जाते.

कोणाला होतो?

अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेने सन २०१८ मध्ये या विकारावर सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांनीही आपली भूमिका मांडली. अमेरिकी निवेदनातील आकडे विचार करावयास लावणारे आहेत. हृद्धमनीच्या सर्व तीव्र विकारांत स्कॅडचे प्रमाण फार तर ४ टक्के. परंतु ५० वर्षे वा त्याहून कमी वयाच्या स्त्रियांना येणाऱ्या झटक्यांचाच विचार केला, तर हे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. गरोदरपणात वा बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्यांत तर स्कॅड हेच सर्वांत मोठे कारण ठरते, सुमारे ४३ टक्के. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील रुग्णांवरून काढलेले आहेत, ही बाब ध्यानात ठेवावी. आपल्याकडे मेद साचून होणारा हृदयविकार तरुण वयातही बराच आढळतो, त्यामुळे येथील टक्केवारी तशीच असेल असे धरून चालू नये. तथापि आजाराची जातकुळी देशपरत्वे बदलत नाही.

उत्तर अमेरिकेतील २२ रुग्णालयांतून ७५० रुग्णांचा जो अभ्यास सन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातून या रुग्णांचे चित्र अधिक स्पष्ट होते. त्यांत ८८ टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या आणि रुग्णांचे सरासरी वय ५२ च्या जवळपास होते. अनेकींना मधुमेह नव्हता, धूम्रपानाची सवय नव्हती, वजन आटोक्यात होते. थोडक्यात, ज्यांना पाहून ‘हिला कसला हृदयविकार?’ असे कोणीही म्हणावे, अशा त्या स्त्रिया होत्या. गरोदरपणाशी वा बाळंतपणाशी संबंधित रुग्ण त्यांत ५ टक्क्यांहूनही कमी निघाले. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बाळंतिणीला झटका आला तर त्यामागे स्कॅड असण्याची शक्यता मोठी असते. पण स्कॅडच्या एकूण रुग्णांत बाळंतिणी थोड्याच असतात. बहुसंख्य रुग्ण चाळिशी-पन्नाशीतील, मुले मोठी झालेल्या स्त्रिया असतात. पुरुषही यातून सर्वथा मुक्त नाहीत. त्यांच्या बाबतीत अवजड वजन उचलण्यासारखे अतिश्रमाचे निमित्त अधिक वेळा आढळते.

निमित्त आणि मूळ कारण या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवाव्या लागतात. वरील अभ्यासात सुमारे निम्म्या रुग्णांनी झटक्यापूर्वी तीव्र मानसिक ताणाचा उल्लेख केला होता. जोराच्या उलट्या, न थांबणारा खोकला, अतिश्रम, उत्तेजक द्रव्यांचे सेवन ही इतर काही निमित्ते होत. परंतु ताण कोणाच्या वाट्याला येत नाही? सर्वांच्याच धमन्या काही उसवत नाहीत. भित्ती मुळात कोठे तरी दुबळी असल्याखेरीज निमित्ताला वाव मिळत नाही, असे आता मानले जाते. बाळंतपणाच्या सुमारास संप्रेरकांत होणारे बदल व रक्ताभिसरणावर पडणारा भार यांमुळे भित्तीची घडण सैलावत असावी. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना अर्धशिशीचा इतिहास असतो. जवळपास तितक्याच रुग्णांच्या मूत्रपिंडाकडे वा मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांत ‘फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया’ नावाचा दोष सापडतो. यात धमनी ठिकठिकाणी आकसलेली व फुगलेली असल्याने क्ष-किरण चित्रात ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. हृदयातील घटना म्हणजे अंगभर पसरलेल्या धमनीदोषाचे एक प्रकट रूप असू शकते, हे यावरून ध्यानात आले. म्हणून स्कॅडच्या रुग्णांची मानेपासून ओटीपोटापर्यंतच्या धमन्यांची तपासणी एकदा तरी करून घ्यावी, असे तज्ज्ञ सुचवितात.

‘ॲसिडिटी असेल’

स्कॅडची लक्षणे नेहमीच्या झटक्याहून निराळी नसतात. छातीत दाब वा वेदना, ती खांद्यात, हातात, पाठीत, मानेत वा जबड्यात पसरणे, दरदरून घाम, धाप, मळमळ, एकाएकी गळून गेल्यासारखे वाटणे. बहुतेक सर्वच रुग्णांना छातीत काही ना काही त्रास होतो. अडचण लक्षणांची नसून ती ऐकणाऱ्यांची आहे.

पंचेचाळीस वर्षांची, अंगाने सडपातळ, घर आणि नोकरी सांभाळणारी स्त्री छातीत कळ येते म्हणाली, तर घरात पहिले उत्तर मिळते ते ‘पित्त झाले असेल’ असे. आधी जिरे-ओवा होतो, मग आम्लपित्ताची गोळी, मग ‘जरा पडून राहा’. ती स्वतःही हेच म्हणते, कारण संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा असतो. बाळंतिणीच्या बाबतीत तर सव्वा महिन्याच्या आतील प्रत्येक दुखणे वात, अशक्तपणा किंवा जागरण यांच्या खाती जमा होते. त्यातच घरात काही वादविवाद वा दुःखद प्रसंग घडलेला असेल, तर ‘टेन्शन घेतलेस’ हा शेरा ठरलेला. ताणामुळे छातीत दुखले, म्हणजे ते दुखणे खोटे आहे असे नव्हे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. स्कॅडमध्ये तर ताण हेच प्रत्यक्ष निमित्त असू शकते.

दवाखान्यातही हेच कधी कधी घडते. वय कमी, धोक्याचा कोणताही घटक नाही आणि पहिला ईसीजी सामान्य, एवढ्यावर रुग्ण घरी पाठविला जातो. वस्तुतः कोणत्याही झटक्यात पहिला ईसीजी निर्दोष असू शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की, ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. त्याचीही पातळी वाढावयास काही वेळ जावा लागतो, म्हणून काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासणी करावी लागते. वेदना चालू असेल तर ‘ईसीजी पुन्हा काढावा का? ट्रोपोनिन पाहिले का?’ असे नातेवाइकांनी नम्रपणे विचारण्यात गैर काहीच नाही. रुग्णाने स्वतः वाहन चालवीत जाऊ नये. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका उपलब्ध होते.

निदानाची वाट

झटका आल्याचे निश्चित झाल्यावर अँजिओग्राफी केली जाते, म्हणजे मनगटातील वा जांघेतील धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तेथे औषध सोडतात व क्ष-किरणांच्या साहाय्याने धमन्यांचे चित्र घेतात. या चित्रात धमनीची पोकळी दिसते, भित्ती दिसत नाही, ही त्याची मर्यादा. अस्तराला चीर पडून औषध भित्तीत शिरले असेल, तर दुहेरी नळी स्पष्ट दिसते. पूर्वी स्कॅड म्हणून एवढाच प्रकार ओळखला जाई. कॅनडातील व्हँकुव्हर येथील डॉ. जॅकलिन सॉ यांनी सन २०१४ मध्ये या विकाराच्या चित्रांचे तीन प्रकार वर्णन केले. त्यांतील दुसरा प्रकार, म्हणजे धमनीचा एक लांबलचक भाग एकसारखा, गुळगुळीत निमुळता झालेला दिसणे, हाच सर्वाधिक वेळा आढळतो. अर्ध्याहून अधिक रुग्णांत चित्र असेच असते. तिसऱ्या प्रकारात चित्र हुबेहूब मेदाच्या अडथळ्यासारखे दिसते. शंका उरलीच, तर धमनीत सूक्ष्म कॅमेऱ्यासारखे साधन घालून प्रकाशलहरींच्या वा ध्वनिलहरींच्या साहाय्याने भित्तीचे आतून दर्शन घेता येते. तथापि उसवलेल्या धमनीत आणखी एक साधन घालणे जोखमीचे असल्याने तज्ज्ञ हा मार्ग जपून वापरतात.

दुसरा प्रकार दीर्घकाळ कोणाच्या लक्षात कसा आला नाही? डॉक्टरांची नजर अडथळा शोधण्यास सरावलेली होती, आणि येथे ठळक अडथळाच नव्हता. धमनी मुळातच बारीक आहे किंवा तात्पुरती आकसली आहे, असे समजून अशा रुग्णांना ‘तुमच्या धमन्या स्वच्छ आहेत’ म्हणून सांगितले जाई. यावरून विकार वाढला म्हणण्यापेक्षा तो ओळखण्याची दृष्टी वाढली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. जाता जाता आणखी एका साम्याचा उल्लेख करावयास हवा. तीव्र दुःखानंतर हृदयाचा स्नायूच तात्पुरता फुगून दुबळा होण्याचा ‘ताकोत्सुबो’ नावाचा विकार असतो. तोही स्त्रियांतच अधिक आढळतो व लक्षणेही झटक्याची असतात. मात्र त्यात धमनीला इजा झालेली नसते. दोहोंची गल्लत होऊ शकते, म्हणून अशा वेळी धमन्यांचे चित्र बारकाईने पाहावे लागते.

हात न लावण्याचे शहाणपण

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. नेहमीच्या झटक्यात धमनी जितक्या लवकर उघडली जाईल तितके उत्तम, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. फुगा फुगवून अडथळा दाबावा व तेथे स्टेंट नावाची जाळी बसवावी, या उपचाराने असंख्य प्राण वाचविले आहेत. स्कॅडमध्ये मात्र हेच साधन उलटू शकते. बारीक तार खऱ्या पोकळीऐवजी भित्तीतील खोट्या पोकळीत शिरण्याची भीती असते. फुगा फुगविला की, साचलेले रक्त पुढे-मागे ढकलले जाते आणि दोन सेंटिमीटरची उसवण चार सेंटिमीटरची होते. ती झाकण्यासाठी आणखी एक स्टेंट, मग आणखी एक, अशी मालिका सुरू होते. उसवलेल्या अस्तरात घाईघाईने हात खुपसला की ते अधिकच उसवते, तसेच काहीसे.

याउलट, धमनीला तसेच राहू दिले तर काय होते? बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांपासून काही महिन्यांत साचलेले रक्त शोषले जाते, अस्तर पुन्हा भित्तीला चिकटते आणि धमनी पूर्ववत होते. झटक्यानंतर महिनाभराने वा त्याहून उशिरा ज्यांची अँजिओग्राफी पुन्हा करण्यात आली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या धमन्या भरून आलेल्या आढळल्या. म्हणून रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, वेदना थांबली असेल आणि रक्तप्रवाह चालू असेल, तर औषधे देऊन केवळ निरीक्षणाखाली ठेवावे, हा मार्ग आज जगभर पसंत केला जातो. वर उल्लेखिलेल्या ७५० रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ८४ टक्के रुग्णांवर असाच उपचार झाला. पहिल्या काही दिवसांत उसवण वाढण्याचा धोका असतो, त्यामुळे अशा रुग्णास सामान्यतः तीन ते पाच दिवस किंवा गरजेप्रमाणे अधिक काळ रुग्णालयात ठेवतात. ‘काहीच केले नाही, नुसते ठेवून घेतले’ अशी तक्रार नातेवाईक करतात. पण येथे ठेवून घेणे हाच उपचार असतो.

यास अपवाद आहेत. वेदना थांबत नसेल, रक्तदाब कोसळत असेल, हृदयाच्या ठोक्यांत घातक अनियमितता येत असेल किंवा डाव्या बाजूच्या मुख्य धमनीच्या मुखाशीच उसवण असेल, तर स्टेंट वा बायपास शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनाची बाब अधिक नाजूक आहे. अँजिओग्राफीची सोय जवळ नसलेल्या आपल्या अनेक तालुक्यांत हेच इंजेक्शन झटक्याच्या रुग्णाचा आधार असते, आणि नेहमीच्या झटक्यात ते खरोखर जीवनदायी आहे. स्कॅडमध्ये मात्र त्यामुळे भित्तीतील रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून निदान पक्के झालेले असेल तर ते टाळतात. पण केवळ ईसीजी पाहून दोन्ही झटक्यांत फरक करता येत नाही. तेव्हा हा मजकूर वाचून कोणी अशा प्रसंगी डॉक्टरांशी वाद घालू नये. शक्य असेल तेथे तरुण स्त्री-रुग्णाला अँजिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरेने हलविता येईल काय, एवढे मात्र अवश्य विचारावे.

रुग्णांनीच लावलेला हातभार

या विकारावरील संशोधनाला गती कशी मिळाली, ही हकिकत मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेतील कॅथरीन लिऑन या महिलेला सन २००३ मध्ये, दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर काही आठवड्यांतच, स्कॅडचा झटका आला आणि बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. या आजाराविषयी विचारले असता तिला कोठेच समाधानकारक उत्तर मिळेना. हृदयविकारग्रस्त स्त्रियांच्या ‘विमेनहार्ट’ या संस्थेच्या माध्यमातून तिला आपल्यासारख्याच इतर स्त्रिया भेटत गेल्या. सन २००९ मध्ये मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिक येथे भरलेल्या एका मेळाव्यात तिने हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शॅरॉन हेज यांना गाठले आणि आमच्यावर संशोधन का होत नाही, असा सरळ प्रश्न केला.

एरवी एका रुग्णालयात वर्षाकाठी असे एक-दोनच रुग्ण येत, त्यामुळे तुलना करण्याइतकी संख्या जमत नसे. येथे रुग्णच एकत्र येऊन दारात उभे राहिले होते. प्राथमिक अभ्यासासाठी आवश्यक तेवढ्या स्त्रिया आठवड्याभरातच पुढे आल्या आणि त्यांतील १२ जणींचा अभ्यास सन २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी डॉ. मारिसिया ट्वीट व सहकाऱ्यांनी ८७ रुग्णांची माहिती ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात मांडली. आज अनेक देशांत या विकाराच्या नोंदवह्या ठेवल्या जातात.

त्यातूनच पुढे आनुवंशिकतेचा धागा हाती आला. इंग्लंडमधील लेस्टर येथील डॉ. डेव्हिड ॲडलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन २०१९ मध्ये दाखवून दिले की, ‘फॅक्टर-१’ नावाच्या जनुकाच्या परिसरातील एका विशिष्ट बदलाचा स्कॅडशी संबंध आहे. हाच बदल अर्धशिशीशी आणि वर वर्णिलेल्या मण्यांच्या माळेच्या दोषाशीही निगडित आहे. नवल असे की, मेद साचून होणाऱ्या नेहमीच्या हृदयविकाराचा धोका याच जागी असलेल्या दुसऱ्या पर्यायामुळे वाढतो. एकीकडे जे संरक्षण, तेच दुसरीकडे जोखीम! सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातील अशी १६ स्थाने निश्चित करण्यात आली. असे असले तरी आईपाठोपाठ मुलीलाही हा विकार झाल्याची उदाहरणे थोडीच आहेत, त्यामुळे कुटुंबीयांनी भयभीत होण्याचे कारण नाही.

झटक्यानंतरचे दिवस

या विकारातून वाचणाऱ्यांचे प्रमाण चांगले आहे. परंतु तो पुन्हा होऊ शकतो, आणि पुष्कळदा दुसऱ्याच धमनीत होतो. पुनरावृत्तीचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळे आहे. कॅनडातील ३२७ रुग्णांच्या सन २०१७ च्या अभ्यासात सुमारे तीन वर्षांत १० टक्के रुग्णांना पुन्हा स्कॅड झाल्याचे आढळले. ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांना धोका अधिक होता, तर बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे घेणाऱ्यांना कमी. त्यामुळे रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवणे हे पहिले पथ्य. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे मात्र केवळ स्कॅड झाला म्हणून सरसकट दिली जात नाहीत. ती कोलेस्टेरॉल खरोखर वाढलेले असेल तर द्यावयाची. झटका आलेल्या शेजाऱ्याची औषधाची चिठ्ठी पाहून ‘मला ही गोळी का नाही?’ असे वाटणे स्वाभाविक आहे, पण आजार एक नव्हे.

गरोदरपणाचा प्रश्न तरुण रुग्णांना फार सतावतो. पुन्हा गर्भधारणा टाळावी, असाच सल्ला सामान्यतः दिला जातो. संततिनियमनासाठी संप्रेरकयुक्त गोळ्यांऐवजी अन्य उपाय सुचविले जातात, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशीही विचारविनिमय करावा. व्यायाम बंद करू नये. चालणे आणि देखरेखीखाली वाढविलेला मध्यम व्यायाम हितकर ठरतो. श्वास रोखून जड वजन उचलणे तेवढे वर्ज्य. आपल्याकडे हा नियम व्यायामशाळेपेक्षा घरात अधिक मोडला जातो. गव्हाचे पोते सरकविणे, पाण्याने भरलेली पिंपे उचलणे, गॅसचा सिलिंडर ओढणे ही कामे काही काळ तरी घरातील इतरांनी अंगावर घ्यावयास हवीत.

मनाची अवस्था हा उपेक्षित भाग. पथ्यपाणी सांभाळूनही झटका आला, तो कशामुळे आला हे नीट सांगता येत नाही आणि पुन्हा येणार नाही याची हमी नाही, अशा स्थितीत रात्री छातीत जरा काही टोचले तरी स्त्री दचकून उठते. या रुग्णांत चिंता व नैराश्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. समुपदेशकाची वा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेण्यास त्यांना घरच्यांनीच प्रोत्साहन द्यावे.

शेवटी कागदपत्रांविषयी. अँजिओग्राफीचे चित्रण रुग्णालयाकडून सीडी वा पेन ड्राइव्हवर मागून घ्यावे आणि केवळ छापील अहवालावर समाधान मानू नये. ‘स्वच्छ धमन्या’ असा शेरा मिळालेल्या रुग्णांची जुनी चित्रे अनुभवी तज्ज्ञाने पुन्हा पाहिल्यावर स्कॅडचे निदान झाल्याची उदाहरणे आहेत. आमच्या ज्या ग्राहकांनी गंभीर आजारांच्या, म्हणजे ‘क्रिटिकल इलनेस’ प्रकारच्या विमा पॉलिसी घेतल्या आहेत, त्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने हृदयविकाराच्या झटक्याची जी प्रमाणित व्याख्या ठरवून दिली आहे, तिच्यात रक्तपुरवठा अपुरा पडल्याने हृदयाच्या स्नायूचा काही भाग मृत होणे ही मुख्य अट आहे. त्यासाठी लक्षणे, ईसीजीतील नवे बदल आणि ट्रोपोनिनसारख्या घटकांतील वाढ असे तिन्ही पुरावे मागितले जातात. धमनी मेदाने बंद झाली की अस्तर उसवल्याने, असा भेद त्या व्याख्येत नाही. स्टेंट बसविलेला नाही म्हणून दावाच करता येणार नाही, असे समजून पुष्कळ जण गप्प बसतात. तेव्हा रुग्णालयातून घरी येताना पहिल्या दिवसापासूनचे सर्व ईसीजी, ट्रोपोनिनचे अहवाल आणि निदान स्पष्टपणे लिहिलेला डिस्चार्ज कार्डाचा कागद एकत्र ठेवावा आणि त्याच्या दोन छायाप्रती काढून घ्याव्यात.